दोन बोल्टांवर झुलणारं यंत्र

मोटारीचा अल्टरनेटर घरच्या घरी बदलता येतो का, हे पाहायला संपादकांनी धाडलं. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करताना एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन काका भेटले. त्यांच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांची जुनी मारुती ८०० याच कामासाठी थांबली होती.

अमेरिकेत क्राइस्लरने १९६०च्या व्हॅलिअंटबरोबर अल्टरनेटर सर्वसाधारण गाडीत आणला. त्याआधीचा डायनॅमो इंजिन मंद चालताना जेमतेम वीज द्यायचा, सिग्नलला दिवे मिणमिणायचे. अल्टरनेटरने ते दुखणं घालवलं.

काकांनी आधी पाना नाही, मल्टिमीटर काढला. इंजिन बंद असताना धडधाकट बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.४च्या आसपास चढायला हवा. इथे तो चढलाच नाही. ‘‘आधी बेल्ट बघायचा, वायर बघायची, मग अल्टरनेटरला दोष द्यायचा,’’ काका म्हणाले. दोन्ही ठीक होतं.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटली. ही पायरी टाळणाऱ्याला मी गाडीजवळ फिरकू देणार नाही. अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते, चावी काढली तरी जिवंत. तिच्यावरचा पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात आणि हात भाजतो.

हत्यारं मोजकीच: १०, १२, १४चे रिंग पाने, गोट्या, रॅचेट, लांब दांडा, टॉमी, वायर ब्रश, गंज सोडवणारं तेल. अल्टरनेटर खाली एका लांब बोल्टवर झुलतो आणि वर खाचेच्या पट्टीत दुसऱ्या बोल्टने आवळलेला असतो. वरचा सहज सुटला. खालचा गंजून बसलेला. काकांनी तेल सोडलं, चहा मागवला, पुन्हा तेल सोडलं. जोर लावला असता तर बोल्ट तुटून आत अडकला असता. अखेर तो करकरत फिरला. त्या धीराचं मला फार कौतुक वाटलं; कारागिरी म्हणतात ती हीच.

नवा बसवताना टॉमीने बाहेर ढकलून बेल्ट ताणायचा. अंगठ्याने दाबल्यावर सुमारे १० मिलिमीटर दबला म्हणजे झालं. सैल राहिला तर किंचाळतो, फार ताणला तर बेअरिंग खातो.

काळजी आहे ती नव्या गाड्यांची. तिथे जागाच नाही. कित्येकींत पंखा किंवा बंपर उतरवल्याशिवाय अल्टरनेटर बाहेर येत नाही. बेल्ट एकच असतो आणि तो कॉम्प्रेसरपासून पंपापर्यंत सगळ्यांभोवती फिरतो. काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो घेतला नाही, तर बसवताना डोकं धरायची वेळ येते. काही पुल्यांना वेगळंच हत्यार लागतं. अनेक गाड्यांत चार्जिंग किती करायचं हे कॉम्प्युटर ठरवतो आणि बॅटरी भरलेली असली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. जुन्या हिशेबाने मीटर लावणारा अशा वेळी चांगला अल्टरनेटर फेकून देतो.

त्याहून वाईट म्हणजे चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘टेस्ट’ करण्याची सवय. डायनॅमोच्या काळात ती खपून जायची. आज वायर सुटताक्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड, कधी कॉम्प्युटरही, जळतो. काका हे तरुण मेकॅनिकांना बजावत असतात, तरी रस्त्यावर अजून हीच टेस्ट चालते.