पालकांची साक्ष आणि तिची पारख

हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र १६ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. वाचन-अक्षमता ओळखण्यासाठी या केंद्राच्या पुढाकाराने 'डाली' हा चाचणीसंच सिद्ध झाला. हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांतील या संचात शिक्षकांनी भरावयाच्या चाळणी-प्रश्नावल्याही आहेत. परभाषेतील कसोटीचे केवळ भाषांतर पुरेसे नसते, ती त्या त्या भाषेतील मुलांवर पारखून घ्यावी लागते, हे तत्त्व त्यामागे आहे. मराठीला ते अपरिचित नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड व मराठी मुलांसाठी प्रमाणित केली होती, आणि तीवरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला.

वाचनातील अडचण निदान वर्गात ऐकू येते. चिंता आणि खिन्नता मात्र मूक असतात. दंगेखोर मुलाकडे शिक्षकांचे लक्ष जाते, पण कोपऱ्यात निमूट बसणारे मूल 'गुणी' ठरते. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत पालकांनाच विचारण्याची पद्धत रूढ झाली. 'आरसीएडीएस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापनश्रेणीच्या पालक-आवृत्तीत ४७ विधाने असून प्रत्येकापुढे 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशा चार पायऱ्या असतात. विरहभय, समाजभय, सर्वसाधारण चिंता, भीतीचे झटके, अनिवार्य विचार-कृती व खिन्नता अशी तिची सहा अंगे होत.

अशी प्रश्नावली मराठीत आणताना पहिला अडथळा शब्दांचाच येतो. 'काळजी' हा शब्द घोर दर्शवितो, तसाच दक्षताही. 'मूल फार काळजी करते' हे विधान एखादी आई कौतुकानेच मान्य करील. 'खिन्नता' हा शब्द ग्रंथातला, घरात मात्र 'कशात मन रमत नाही', 'पोटात गोळा येतो' असेच बोलले जाते. यासाठी भाषांतर, दुसऱ्या व्यक्तीकडून उलट भाषांतर आणि काही पालकांशी प्रत्यक्ष चर्चा हा क्रम पाळावा लागतो.

त्यानंतर विश्वसनीयतेचा प्रश्न येतो. एका अंगाची विधाने परस्परांशी जुळतात काय, आणि थोड्या दिवसांनी तेच पालक साधारण तेच उत्तर देतात काय, हे तपासले जाते. परंतु विश्वसनीय कसोटी सप्रमाण असेलच असे नाही. दोन शेर चुकणारा काटा रोज तेवढाच चुकला, तरी तो चुकीचाच. म्हणून प्रश्नावलीचा निष्कर्ष तज्ज्ञाने स्वतंत्रपणे घेतलेल्या मुलाखतीशी ताडून पाहावा लागतो. त्या तज्ज्ञास प्रश्नावलीतील गुण ठाऊक नसणे अगत्याचे असते.

पालकांच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. १९८७ साली आखेनबाख व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा मुलांचे स्वतःचे कथन व इतरांचे कथन यांतील सरासरी सहसंबंध केवळ ०.२२ आढळला. याचा अर्थ कोणी खोटे बोलते असा नव्हे. घरात दिसणारे मूल आणि मुलाला जाणवणारे अंतरंग या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अखेरचा प्रश्न सीमारेषेचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. समजा, हजार मुलांत सत्तर पीडित आहेत, आणि प्रश्नावली पीडित व निरोगी या दोहोंना शंभरांत ऐंशी वेळा अचूक ओळखते. मग ५६ पीडित मुले सापडतील व १४ निसटतील. त्याचबरोबर ९३० निरोगी मुलांपैकी १८६ जणांवर विनाकारण खूण पडेल. म्हणजे खूण पडलेल्या २४२ मुलांत खरोखर पीडित चौथा हिस्साही नाहीत.

यावरून प्रश्नावली निरुपयोगी ठरत नाही, तिचे स्थान ठरते. चाळणी म्हणजे निदान नव्हे. खूण पडलेल्या मुलाला शिक्का नव्हे, तर पुढील तपासणी मिळाली पाहिजे. आणि न पडलेल्या खुणेचा आधार घेऊन त्या चौदा मुलांकडे पाठ फिरविण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.