इंजेक्टर बदलण्यापूर्वी तार तपासा

पोकलेन मिसिंग करू लागते, पडद्यावर इंजेक्टरचा कोड येतो आणि मालक लगेच नवा इंजेक्टर मागवतो. थांबा! हा कोड सर्किटचा दोष सांगतो. तो तारेतही असू शकतो. आधी इंजिन बंद करून चावी काढा; चालू इंजिनात या तारांत 50 व्होल्टहून जास्त दाब असू शकतो. मग मल्टिमीटरने सर्व इंजेक्टरांचा रोध मोजून ताडून पाहा. बाहेरच्या कनेक्टरवर सर्किट तुटलेले, पण तारा सोडवून इंजेक्टरच्या टोकांवर मोजल्यास रोध इतरांसारखाच? मग दोष टॅपेट कव्हरखालच्या वायरिंगमध्ये. कारागीर मुलांनो, मोजणीचा थोडा वेळ मालकाचे हजारो रुपये वाचवतो. आणि ज्याच्या निदानावर भरवसा, त्याच्याच रोजीत बरकत येते.