मिडास राजा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिडास हा फ्रिजियाचा राजा. हा प्रदेश आजच्या तुर्कस्तानात येतो. ग्रीक पुराणकथांत त्याच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आले आहेत आणि तेही कथाकारागणिक बदलतात.

गैरसमज : मिडासच्या स्पर्शाने त्याची मुलगी सोन्याची झाली.
वस्तुस्थिती : रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये (इ.स. 8 च्या सुमारास) मुलीचा उल्लेखच नाही. तिथे झाडाची डहाळी, दगड, मातीचे ढेकूळ, सफरचंद अशा वस्तू सोन्याच्या होतात. मग राजा जेवायला बसतो. भाकरीला हात लागताच ती कडक होते आणि मद्य वितळलेले सोने होऊन घशाखाली उतरते. मुलगी गोष्टीत आणली ती अमेरिकी लेखक नॅथॅनियल हॉथॉर्न यांनी, 1851 सालच्या आपल्या बालकथासंग्रहात.

गैरसमज : गोष्टीचा शेवट एकच आहे.
वस्तुस्थिती : ओव्हिडचा मिडास चूक कबूल करतो आणि पॅक्टोलस नदीत स्नान करून मद्यदेव डायोनिससने दिलेल्या सुवर्णस्पर्शाच्या शापासारख्या वरातून सुटतो. नदीच्या वाळूत सोने सापडते त्याचे कारण हेच, असे ही कथा सांगते. त्याआधी सुमारे साडेतीनशे वर्षे ॲरिस्टॉटलने मात्र मिडासचे नाव घेतले ते संपत्ती असूनही भुकेने मरण्याचा दाखला म्हणून.

गैरसमज : सोन्याशिवाय मिडासची कथाच नाही.
वस्तुस्थिती : ग्रीक इतिहासकार हिरोडोटस मिडासच्या बागा मॅसेडोनियात असल्याचे सांगतो. तिथल्या गुलाबाला साठ पाकळ्या असत आणि तिथेच डायोनिससचा सोबती सायलेनस पकडला गेला. झेनोफोनच्या मते मिडासने झऱ्यात मद्य मिसळून त्याला पकडले. या दोन्ही ठिकाणी सुवर्णस्पर्शाचा वर येत नाही.

गैरसमज : गाढवाचे कान ही हावरटपणाची शिक्षा.
वस्तुस्थिती : तो प्रसंग वेगळा. पॅन आणि अपोलो या देवांच्या संगीतस्पर्धेत मिडासने पॅनची बाजू घेतली, म्हणून अपोलोने त्याला ते कान दिले. हायजिनसच्या कथेत पॅनच्या जागी मार्सियस येतो.

गैरसमज : मिडास निव्वळ काल्पनिक आहे.
वस्तुस्थिती : ॲसिरियाचा राजा दुसरा सारगॉन (इ.स.पू. 722–705) याच्या लेखांत ‘मुश्कीचा मिता’ हा राजा येतो. तो फ्रिजियाचाच मिडास, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गॉर्डियन या फ्रिजियन राजधानीजवळची 53 मीटर उंचीची समाधी 1957 साली उघडण्यात आली. तिचा लाकडी कक्ष इ.स.पू. 740 च्या सुमाराचा ठरल्यामुळे ती मिडासच्या वडिलांची असावी, असा कल आहे. आत सांगाडा, लाकडी सामान आणि काशाची असंख्य भांडी होती. सोन्याचे दागिने मात्र मिळाले नाहीत.