रस्ता कोणाचा? : पाटणच्या निमित्ताने

कराडहून कोयनेच्या काठाने पश्चिमेला निघालेला रस्ता पाटण, कोयनानगर, हेळवाक करीत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतो. वाशिष्ठीच्या खाडीतून आलेले मीठ आणि नारळ या वाटेने देशावर चढत. देशावरचा गूळ आणि धान्य खाली जाई. 1885च्या सातारा गॅझेटियरात हा रस्ता आहे. कोयना-केरा संगमावरचे पाटण त्यावरचे तालुक्याचे गाव. या रस्त्याचे कागद चाळताना मला एक प्रश्न सतत पडत आला : गावातून जाणारा रस्ता नेमका कोणाचा?

1943 साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिने रस्त्यांची प्रतवारी ठरवली : राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग. प्रांतिक मार्ग पुढे राज्यमार्ग झाले. गुहागर-विजापूर मार्गाला 78 क्रमांक मिळाला आणि पाटणचा रस्ता त्यात आला. ही प्रतवारी रस्ता कोठून कोठे जातो एवढेच विचारते. वाटेत त्याच्या कडेला बाजार भरतो, एसटीची वाट पाहत माणसे उभी राहतात, मुले शाळेला जातात, याला तिच्यात रकाना नाही.

1955च्या महामार्ग अधिनियमाने शासनाला तीन रेषा ठरवण्याचा अधिकार दिला : महामार्गाची हद्द, इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा. मोकळ्या रानात त्या आखणे सोपे. जुन्या वस्तीत मात्र ओटा आधीचा आणि रेषा नंतरची, असे सहज घडते. नकाशावर तो ओटा ‘अतिक्रमण’ ठरू शकतो.

दर्जा हा शब्द किती वजनदार आहे, हे अलीकडे सर्वांनी पाहिले. डिसेंबर 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. मार्च 2017मध्ये 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर 220 मीटर झाले. त्याच सुमारास अनेक राज्यांनी शहरांतल्या रस्त्यांचा महामार्ग-दर्जाच काढायला घेतला. डांबर तेच, खड्डे तेच. बदलला तो कागद.

पाटणच्या रस्त्याचा कागद उलट दिशेने बदलला. तो आता राष्ट्रीय महामार्ग 166 ई आहे. दर्जा वाढला की रुंदीकरण येते, आणि मग कोणाच्या भिंतीखालची जमीन कोणाची हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा घरपट्टीची पावती पुढे केली जाते. पण ती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. मोबदल्याचा हिशेब मिळकत पत्रिका, सातबारा आणि मोजणीचा नकाशा यांवर होतो.

म्हणून राज्यमार्गावरच्या प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतल्या रस्त्याची मोजणी, जुने नकाशे आणि दर्जा बदलल्याच्या अधिसूचना एका जागी जमवून ठेवाव्यात. रुंदीकरणाची नोटीस आल्यावर हे काम सुरू केले, तर हरकतीची मुदत कागद शोधण्यातच संपते.