फ्रान्सच्या खेड्यातील मुक्काम : घराइतकीच खोलीही पारखावी

पॅरिसचे दोन-तीन दिवस संपले, की अनेक पर्यटक लोआर नदीचे खोरे, नॉर्मंडी किंवा प्रोव्हान्सच्या ग्रामीण भागाकडे वळतात. तेथे हॉटेलपेक्षा एखाद्या कुटुंबाच्या घरात राहणे अधिक सुखाचे, असा अनेकांचा अनुभव असतो. या व्यवस्थेला फ्रेंच भाषेत 'शांब्र दोत' म्हणतात. आपल्याकडील कोकणात रूढ झालेल्या निवास-न्याहारी योजनेशी तिचे जवळचे नाते आहे. मात्र आरक्षण करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. छायाचित्रात दिसणारे दगडी घर, अंगण आणि द्राक्षमळा सर्व पाहुण्यांचा असतो. रात्र मात्र त्या घरातील एकाच खोलीत काढायची असते. शे-दोनशे वर्षांपूर्वी शेतकरी कुटुंबासाठी बांधलेल्या अशा घरांत कोणत्याही दोन खोल्या सारख्या नसतात. त्यामुळे घराच्या निवडीइतकीच खोलीची निवडही महत्त्वाची ठरते.

कायदा काय सांगतो?

फ्रान्समध्ये २००६ चा कायदा आणि ऑगस्ट २००७ चा शासकीय आदेश यांनी 'शांब्र दोत'ची व्याख्या निश्चित केली. अशा घरात जास्तीत जास्त पाच खोल्या आणि एका वेळी १५ पाहुणे असू शकतात. यजमानाने पाहुण्यांचे स्वागत स्वतः करावयाचे असते आणि व्यवसायाची नोंद गावच्या नगरपालिकेत करावी लागते. सकाळची न्याहारी, चादरी व टॉवेल यांचा भाड्यातच समावेश असतो. त्यासाठी वेगळे पैसे देण्याचे कारण नाही. प्रत्येक खोलीतील पाहुण्याला स्नानगृह आणि शौचालयाची सोय मिळालीच पाहिजे, असेही बंधन आहे. स्वतः स्वयंपाक करण्याची इच्छा असलेल्यांनी मात्र 'झीत' या प्रकाराचा विचार करावा. त्यात स्वयंपाकघरासह स्वतंत्र घर भाड्याने मिळते. 'शांब्र दोत'मध्ये यजमानाचे स्वयंपाकघर वापरायला मिळेलच असे नाही.

हॉटेलांना मिळणारे अधिकृत तारांकन या घरांना नसते. १९५५ मध्ये स्थापन झालेली 'झीत द फ्रान्स' ही संघटना आपल्या सदस्य घरांना गव्हाच्या ओंब्यांच्या चिन्हाने श्रेणी देते. ओंब्या जितक्या अधिक, तितक्या सोयी अधिक. परंतु ही श्रेणी आपल्या गरजांचे उत्तर देत नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला जिना चढता येईल का, हे कोणत्याही चिन्हावरून कळत नाही. ते यजमानालाच विचारावे लागते.

मजला आणि जिना

फ्रेंच लोक मजले आपल्याप्रमाणेच मोजतात. 'रे-द-शोसे' म्हणजे तळमजला आणि 'प्रमिए एताज' म्हणजे पहिला मजला. जुन्या घरांतील जिने अरुंद, चढे आणि अनेकदा वळणाचे असतात. उद्वाहकाची अपेक्षा ठेवू नये. पंचवीस किलोंची बॅग वर नेणे तरुणांनाही जड जाते. ज्येष्ठ मंडळी सोबत असल्यास तळमजल्यावरील खोलीच मागावी. 'सू ले कोंब्ल' असा उल्लेख दिसला, की ती खोली छपराखालच्या माळ्यावर आहे हे ओळखावे. अशा खोलीत लाकडी तुळया सुंदर दिसतात, पण छत उतरते असल्याने उंच माणसाला जपून वावरावे लागते.

स्नानगृहाचे शब्द नीट वाचावेत

'साल द बँ' म्हणजे टब असलेले स्नानगृह, तर 'साल दो' म्हणजे केवळ शॉवरची सोय. उंच काठाच्या टबमध्ये उतरणे वृद्धांना धोक्याचे असते. त्यांच्यासाठी शॉवर बरा. 'प्रिवातीव्ह' या शब्दाचा अर्थ स्नानगृह त्या खोलीसाठी राखीव आहे, एवढाच होतो. ते खोलीला जोडलेलेच असेल असे नाही. काही घरांत ते बोळाच्या पलीकडे असते. मध्यरात्री उठावे लागणाऱ्यांनी 'स्नानगृह आणि शौचालय खोलीच्या आतच आहे का?' असा थेट प्रश्न विचारावा.

पलंगाचीही चौकशी हवी. फ्रान्समधील रूढ दुहेरी पलंग १४० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे साडेचार फूट रुंद असतो. दोघांना तो अडचणीचा वाटत असेल तर १६० सेंटीमीटरचा पलंग किंवा 'ली झ्युमो', अर्थात दोन स्वतंत्र पलंग मागावेत.

दिशा, ऊन आणि आवाज

जाड दगडी भिंतींच्या घरात वातानुकूलन यंत्र बहुधा नसते. एरवी त्याची उणीव भासत नाही. परंतु २८ जून २०१९ रोजी दक्षिण फ्रान्समधील व्हेरार्ग येथे ४६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. प्रोव्हान्समध्ये जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी माळ्यावरची किंवा पश्चिमेकडील खोली टाळून खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. तेथील 'मास' नावाची जुनी शेतघरे उत्तरेच्या 'मिस्त्राल' वाऱ्याकडे पाठ करून बांधलेली असतात, त्यामुळे बहुतेक खिडक्या दक्षिणेला असतात. उन्हाळ्यात दिवसा लाकडी झडपा बंद ठेवण्याची तेथील रीत पाहुण्यांनीही पाळावी. नॉर्मंडीत याउलट स्थिती असते. दमट हवेच्या त्या प्रदेशात एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये दक्षिणेकडील उबदार खोलीच सुखाची. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, म्हणून लहान मुले सोबत असल्यास खिडकीला झडपा आहेत याची खात्री करावी.

खेडे म्हणजे शांतता, हा शहरी समजही तपासून घ्यावा. चर्चची घंटा, आठवडी बाजाराच्या दिवशी पहाटे चौकात मांडली जाणारी दुकाने, सुगीत उशिरापर्यंत चालणारी कापणी यंत्रे आणि कोंबड्याची बांग हे सारे ग्रामजीवनाचे भाग आहेत. ओलेरों बेटावरील मॉरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध शेजारच्या घरमालकांनी खटला भरला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये रोशफोर येथील न्यायालयाने कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूने निकाल दिला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये ग्रामीण भागातील आवाज व गंध यांना वारशाचा दर्जा देणारा कायदाही झाला. तेव्हा तक्रारीपेक्षा निवड शहाणपणाची. झोप हलकी असेल तर चौकाकडील खोलीऐवजी बाग किंवा अंगणाकडील खोली मागावी.

जेवण आणि पैसे

काही यजमान 'ताब्ल दोत', म्हणजे कुटुंबासमवेत एकाच मेजावर रात्रीचे जेवणही देतात. त्यासाठी आधी कळवावे लागते आणि पदार्थ सर्वांना सारखेच असतात. शाकाहारी असल्यास मांस, मासे आणि मांसाचे सूपही चालत नाही, हे आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट लिहावे. जेवणाची सोय नसेल तर जवळचे उपाहारगृह किती अंतरावर आहे आणि कोणत्या वारी बंद असते, हे विचारून ठेवावे.

आगाऊ रकमेबाबत दोन शब्दांतील फरक जाणून घ्यावा. रक्कम 'आर' म्हणून दिली असेल, तर पाहुणा ती सोडून देऊन आरक्षण रद्द करू शकतो. यजमानाने रद्द केल्यास त्याला दुप्पट रक्कम परत करावी लागते. 'आकोंत' म्हणून दिलेली रक्कम मात्र दोन्ही पक्षांना करारात बांधते. अशा वेळी रद्द करणाऱ्याकडून उरलेली रक्कम किंवा नुकसानभरपाईही मागितली जाऊ शकते. काही ठिकाणी प्रतिमाणशी, प्रतिरात्र पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो. १८ वर्षांखालील मुलांना तो लागत नाही.

या घरांतील खोल्यांना क्रमांकांऐवजी अनेकदा फुलांची किंवा रंगांची नावे असतात. ज्या खोलीची चौकशी केली, तिचे नाव, मजला, पलंगाचा प्रकार आणि एकूण भाडे यजमानाकडून लेखी मागवून घ्यावे. शेंगेन व्हिसासाठी निवासाच्या आरक्षणाचा पुरावा द्यावाच लागतो. त्या कामीही हे पत्र उपयोगी पडते. पाचच खोल्यांच्या घरात पोहोचल्यावर खोली बदलून मिळण्याची शक्यता फार थोडी असते. म्हणूनच पाच-सहा साधे प्रश्न विचारण्याची वेळ पैसे भरण्यापूर्वीची असते आणि त्यात संकोच करण्याचे कारण नाही. आपल्या घरातील प्रत्येक खोलीचे गुणदोष यजमानाइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसतात.