आठ महिन्यांची खोली

पाऊस ओसरला आणि भात पिवळं पडलं की तळकोकणात घरापुढचं खळं करायला घेतात. चार महिन्यांच्या धारांनी त्याची पार दैना झालेली असते. गवत माजलेलं, पागोळ्यांखाली चर पडलेले, कडेकडेने शेवाळ. ते सगळं खरवडून काढायचं, जमीन उकरून ढेकळं फोडायची, खड्ड्यांत नवी माती घालायची आणि पाणी शिंपडून ती मुरू द्यायची. मग चोपणं घेऊन उकिडवं बसायचं. चोपणं म्हणजे मूठ असलेली जाड लाकडी फळी. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हातभर हातभर सरकत माती चोपत जायची. नवखा माणूस खळं सपाट करायला बघतो. जाणता माणूस घराकडून बाहेर किंचित ढाळ ठेवतो. वरून शेणाने सारवलं की त्यावर झोडलेलं भात थेट ओतता येतं. त्यानंतर पोफळीचे नाहीतर बांबूचे खांब उभे राहतात, वर आडवे वासे पडतात, त्यांवर विणलेल्या झावळ्या. तुळशीच्या लग्नापर्यंत मांडव तयार.

पुढचे महिने घर तिथेच राहतं. सुपारी तिथे वाळते, चैत्र-वैशाखात रातांब्याची सोलं आणि आंबापोळी-फणसपोळीची ताटं उन्हात येतात, लग्नाच्या पंगती बसतात, उकाड्याच्या रात्री अंथरुणं पडतात. मृगाच्या तोंडावर मांडव उतरवायचा. वाळलेल्या झावळ्या चुलीला, चांगले वासे पडवीच्या आढ्याला.

घरं आखण्याचं काम करताना हल्ली माझ्यापुढे वारंवार एकच मागणी येते: गच्चीवर किंवा बंगल्याच्या मागच्या अंगाला लाकडी डेक हवा आहे. सोबत फोनवर चित्रं असतात, बहुतेक कॅलिफोर्नियातली नाहीतर युरोपातली. चित्रं सुंदर असतात, पण हवा तिथली असते. कॅलिफोर्नियात पाऊस पडतो हिवाळ्यात, तोही बऱ्याच भागांत बेताचा. उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडे पुण्यात वर्षाला सात-आठशे मिलिमीटर आणि मुंबईत दोन हजारांच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. चार महिने सतत भिजलेलं आणि मे महिन्यात भट्टीसारखं तापलेलं लाकूड तीन-चार वर्षांत वाकतं, फाटतं, खालून कुजतं. म्हणून मी ठामपणे सांगते की आपली उघड्यावरची खोली ही आठ महिन्यांचीच धरावी. ढाळ, फरशी, कठडा, कट्टा एवढंच पक्कं करावं. तक्तपोशी, सावली, बैठक हे सगळं दिवाळीला मांडावं आणि मृगाआधी उचलावं.

देशावरचे लोक यापेक्षा वेगळं काही करत नव्हते. सोलापूर, मराठवाड्याकडच्या माळवदाच्या घरांवर लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. दर वर्षी पावसाआधी त्यावर नवी पांढरी माती पसरून भेगा बुजवायच्या. उन्हाळ्यात तिथेच कुरडया वाळायच्या आणि रात्री घरदार झोपायला वर जायचं. तिकडे पाऊस कमी, म्हणून सपाट छत चाललं. कोकणात ते टिकलं नसतं. आणि दोन्हीकडे वर्षातून एकदा त्या जागेला हात लावणं हा रचनेचाच भाग होता.

शहरात उंच इमारती आल्यावर उघड्यावरच्या खोलीचा विचार सर्वांत नेटाने केला तो वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी. उष्ण हवेच्या देशात आभाळाखालची मोकळी जागा ही खोलीइतकीच वापरात येणारी आणि मोलाची असते, हे त्यांनी ‘द न्यू लँडस्केप’ या १९८५च्या पुस्तकात तळमळीने मांडलं. मुंबईतली त्यांची ‘कांचनजंगा’ ही २८ मजल्यांची इमारत १९८३ साली पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि बघण्यासारखा देखावाही त्याच बाजूला असतो. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा हेही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर चौफेर व्हरांड्याचा उतारा काढला होता. कोरियांनी तोच इमारतीच्या कोपऱ्यांत वर नेला: दोन मजले उंचीच्या, आत खोल घेतलेल्या बागेच्या गच्च्या. पुढे नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बैठी घरं आखली. तिथे सात-सात घरांच्या मध्ये साधारण ८ मीटर लांब-रुंद सामायिक अंगण आहे आणि शिवाय प्रत्येक घराला आपली उघडी जागा. आपण मात्र त्याच काळात बाल्कन्या आत घेत सुटलो. एक खाट मावेल एवढी जागा मिळाली आणि वारा गेला.

आता कामाचं बोलू. गच्चीवर बैठक करायची तर सगळ्यात आधी पाण्याकडे बघायचं. लाकडाचं दुकान, कुंड्या, दिवे हे नंतर. आपल्याकडे गच्चीवर बहुधा ब्रिकबॅट कोबा असतो: विटांचे तुकडे मसाल्यात बसवून पाइपाच्या तोंडाकडे ढाळ दिलेला थर, आणि वर चायना मोझेक नाहीतर सिमेंटची घोटाई. मीटरमागे निदान एक सेंटीमीटर उतार हवा. कठडा आणि फरशी जिथे मिळतात तिथे गवंडी गोल वाटा काढतात, कारण काटकोनात पाणी थांबतं आणि तिथूनच झिरपतं. डेकच्या लोभापायी हा वाटा फोडू नये, कोब्यात एकही स्क्रू मारू नये. काम सुरू करण्याआधी पाइपांची तोंडं बंद करून दोन-तीन दिवस पाणी कोंडून ठेवावं आणि खालच्या खोलीचं छत बघावं. वर सगळं बसवल्यावर गळती सापडली, तर सगळं उचकटावं लागतं.

पाइपाच्या तोंडावरची जाळी तर रोज दिसेल, हाताला येईल अशी हवी. डेकखाली ती झाकून टाकलेली मी बऱ्याच ठिकाणी बघते. मधुमालतीची गळलेली फुलं, पानं, कबुतरांची पिसं आणि धूळ यांचा त्या जाळीवर लगदा बसतो आणि पहिल्या मोठ्या सरीला गच्चीचं तळं होतं. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर १० सेंटीमीटर पाणी साचलं, तर ते ५ टन वजन असतं. मुंबईत २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे लक्षात ठेवून आखणी करावी.

वजनाचा हिशेब कुंड्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुकतो. आयएस ८७५ या भारतीय मानकात लोकांनी वापरायच्या गच्चीसाठी वरचा भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरला आहे. आता ३० सेंटीमीटर खोल मातीचा वाफा घ्या. भिजलेल्या मातीचं वजन चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरतं. म्हणून मोठे वाफे बीमवर, खांबांलगत. मधल्या स्लॅबवर माणसं आणि हलकं सामान. छज्ज्याच्या बाहेरच्या टोकाला जड कुंडी कधीही नको. शक्य असेल तिथे माती कमी करावी. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या कामातून पालापाचोळा, शेण, गोमूत्र आणि गूळ यांपासून जिवंत, हलकी माती घरच्या घरी कशी बनते ते सामान्य माणसांना शिकवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी या शतकाच्या सुरुवातीला स्वयंपाकघरातला ओला कचरा तिथेच जिरवून भाज्या आणि फळझाडं वाढवली. गच्चीवरच्या बागेसाठी मला हा रस्ता विकतच्या लाल मातीच्या गोण्यांपेक्षा शंभर पटींनी बरा वाटतो.

लाकडाची तक्तपोशी करायची असेल तर ती उचलता येणाऱ्या ताटांची करावी. साधारण मीटरभर लांब-रुंद ताट, २० मिलिमीटर जाडीच्या सागवानी पट्ट्या, खाली बत्ते. एका ताटाचं वजन १८-२० किलोपर्यंत राहतं. दोघं जण सहज उचलतात. पट्ट्यांमध्ये ५ मिलिमीटर फट हवी, म्हणजे फुगायला जागा मिळते आणि धूळ खाली पडते. खालचे बत्ते ढाळाच्या दिशेनेच धावले पाहिजेत; आडवे घातले की प्रत्येक बत्ता एक छोटा बांध होतो. बत्त्यांखाली रबराचे तुकडे द्यावेत. पट्टीच्या पृष्ठभागावर सगळेच तेल लावतात, पण पाणी शिरतं ते कापलेल्या टोकांतून, म्हणून टोकं दोनदा-तीनदा तेलात भिजवावीत. सागवानाचा आतला गडद गाभाच घ्यावा, बाहेरच्या पांढुरक्या भागाला वाळवी आधी लागते. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान अजून मिळतं आणि ते मुरलेलं असल्याने फारसं हलत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, समुद्रकाठी ३१६ प्रतीचे. प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा यांच्या मिश्रणाच्या पट्ट्या कुजत नाहीत हे खरं, पण गडद रंगाच्या असल्या तर एप्रिलच्या दुपारी त्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही.

आणि लाकूड नसलं म्हणून काही बिघडत नाही. पांढऱ्या चायना मोझेकवर दोन-चार चांगल्या चटया टाकल्या तरी बैठक होते. ती फरशी ऊन परतवते, म्हणून खालची खोलीही कमी तापते.

डेकने जमीन वर उचलली की कठडा तेवढाच बुटका होतो, हे चटकन लक्षात येत नाही. कठडा निदान एक मीटर उंच हवा आणि तो पाय ठेवायच्या पातळीपासून मोजायचा. कठड्याला लागून कट्टा बांधला तर लहान मूल त्यावर उभं राहणारच. तेव्हा तिथे कट्ट्याच्या माथ्यापासून मोजून वर रेलिंग घ्यावं. गज उभेच हवेत, पोराला शिडी होतील असे आडवे नकोत, आणि मधलं अंतर १० सेंटीमीटरच्या आत. कट्टा ४०-४५ सेंटीमीटर उंच, तेवढाच रुंद, हलक्या ब्लॉकचा, बीमवर. तो वाऱ्याने उडत नाही, गंजत नाही, पावसात आत न्यावा लागत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या बाल्कांवात दाराच्या दोन्ही बाजूंना अशीच बांधीव आसनं समोरासमोर असतात आणि येणारा-जाणारा तिथे टेकतो. समोरासमोर बसण्यात गप्पा होतात. सोफ्यासारखी एका ओळीतली बैठक गच्चीवर ओस पडते.

सावलीसाठी सूर्याची चाल समजून घ्यावी. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो. त्या वेळी नुसत्या पट्ट्यांचा परगोला पट्ट्यापट्ट्यांची सावली देतो, बाकी काही नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला, ४८ अंशांच्या आसपास उंचीवर असतो. म्हणजे दक्षिण बाजू उघडी ठेवली तर छताखालून उबदार ऊन आत येतं. त्रास देतो तो पश्चिमेचा. तिरपं संध्याकाळचं ऊन कुठलंच छत अडवू शकत नाही, तिथे उभा पडदाच लागतो. विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारतात. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढून नेतं. पश्चिमेला अशी एक ताटी आणि सूर्य कलल्यावर फरशीवर एक सडा, एवढ्याने मे महिन्यातली संध्याकाळ गच्चीवर काढता येते. मुंबईच्या दमट हवेत मात्र याचा फारसा उपयोग नाही, तिथे वाराच हवा.

वर मांडवाला बांबू उत्तम. सिंधुदुर्गात बांधाबांधावर होणारा माणगा जवळजवळ भरीव असतो, काटे नसतात आणि स्क्रू धरतो. बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया केलेलाच घ्यावा, नाहीतर आतल्या पिठुळ अंशाला भुंगा लागतो आणि खाली पिवळी भुकटी सांडायला लागते. त्यावर वेल चढवायची. हिवाळ्यात वाल नाहीतर तोंडली, उन्हाळ्यासाठी मधुमालती, जी तापल्या दिवसांतही हिरवी राहते. बसायच्या जागेजवळ मोगरा हवाच. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावं. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच काढावं.

दिवे पिवळसर आणि गुडघ्याच्या उंचीवर. वरून पडणारा पांढराशुभ्र उजेड किड्यांना बोलावतो आणि चांदणं घालवतो. सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते, तिथे लेखी परवानगीशिवाय काही मांडू नये, आणि पक्कं छप्पर घालायचं तर महापालिकेकडे जावंच लागतं.

हे सगळं एका दिवाळीत उरकायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या वर्षी फक्त गळती आणि ढाळ नीट करा, चार खुर्च्या आणि एक बाज वर न्या, आणि डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल अशा तीन वेळा दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच वाजता सावली कुठे पडते तिथे खडूने रेघ मारा. पश्चिमेचा पडदा आणि मांडवाचे खांब त्या रेघा बघून ठरवा. सागवानाचे पैसे दुसऱ्या वर्षाला ठेवा.