फवारणीचे विष आणि स्नायूंची दारे

आपल्या जिल्ह्यात कपाशीचा पेरा मोठा, आणि पावसाने उघडीप दिली की पाठीवर पंप घेऊन रोजाने फवारणीला जाणारी माणसेही पुष्कळ. पडेगावच्या या सभेतही त्यांच्या घरचे कोणी बसले असेल. अशा मंडळींपुढे शरीरशास्त्र काढण्याचे कारण असे की, फवारणीच्या विषाने माणूस जातो तो बहुधा श्वास थांबून जातो. आणि श्वास का थांबतो हे मजुराला कोणी सांगत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. ग्रंथालयात बसून आणि जाणत्यांना विचारून जे उमगले तेवढेच मांडतो.

हात उचलावा असे मनात आले की मज्जातंतूतून हुकूम सुटतो. परंतु तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. तंतूच्या टोकातून ॲसेटिलकोलीन नावाचे द्रव्य फटीत पडते व पलीकडे स्नायूवर बसविलेल्या दारांशी जाऊन भिडते. एकेक दार पाच तुकड्यांचे. ॲसेटिलकोलीनचे दोन कण नेमक्या जागी बसले की ते उघडते, सोडियम आत शिरते, स्नायू आकसतो. लागलीच एक विकर त्या द्रव्याचे तुकडे करून फट झाडून काढते. त्या झाडूवाल्याचे काम क्षणार्धात उरकते, म्हणूनच पुढचा हुकूम ऐकू येतो.

या दारांना निकोटिनी ग्राहक म्हणतात, कारण तंबाखूतले निकोटीनही ती उघडते. केंब्रिजच्या लँग्ली यांनी १९०५ साली दाखविले की, तंतू तोडलेल्या कोंबडीच्या स्नायूला निकोटीन दिले तरी तो आखडतो. कुरारे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील बाणांचे विष, दिले की निकोटीनचे काही चालत नाही. पण विजेचा झटका थेट दिला तर स्नायू आकसतोच. म्हणजे स्नायू धडधाकट, दार तेवढे अडविलेले. (मळलेल्या तंबाखूची तलफ येते तीही याच जातीच्या, मेंदूतल्या दारांमुळे. तो विषय वेगळा, आणि सभेत बऱ्याच जणांना अडचणीचा!)

नागाचे विषही हेच दार अडविते. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, मग छातीचे स्नायू थकतात. तेथे प्रतिविषाबरोबर डॉक्टर निओस्टिग्मीन देतात. ते औषध झाडूवाल्याला थोडा वेळ रोखते. ॲसेटिलकोलीन साचते आणि विषाला जागेवरून हटविते.

आता गंमत नव्हे, दुर्दैव पाहा. मोनोक्रोटोफॉससारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके त्याच झाडूवाल्याला धरतात, पण सोडीत नाहीत. फटीत द्रव्य तुंबते. आधी स्नायू फडफडतात, मग सतत डिवचलेली दारे दादच देईनाशी होतात व स्नायू लुळे पडतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसावर शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेथे अनेक औषधे मिसळून मारली जात, कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, अंगावर साधा सदरा.

अशा रोग्याला ॲट्रोपीन देतात, आणि ते द्यावयासच हवे. लाळ, घाम, छातीत भरलेला कफ, मंदावलेले हृदय यांवर ते चालते, कारण तेथली दारे दुसऱ्या जातीची. स्नायूंच्या निकोटिनी दारांवर मात्र त्याचा इलाज नाही. म्हणून घाम आटला, माणूस बोलू लागला, तरी एक ते चार दिवसांत मान उचलेनाशी होऊन श्वास बसू शकतो. त्या वेळी लागते ते श्वास देणारे यंत्र.

"बरा वाटतोय, घरी न्या" असे मुकादम म्हणेल, ऐकू नये. गाडीभाड्यावरून घासाघीस करणारे मालक आम्ही पाहिले आहेत. कपडे ताबडतोब उतरवावेत, अंग साबणाने धुवावे, धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या हातात चढवाव्यात, आणि जेथे श्वासयंत्र आहे अशाच रुग्णालयात न्यावे. औषधाचा डबा, त्यावरच्या चिठ्ठीसकट, सोबत द्यावा; नाव कळल्याशिवाय डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागते.